दोन रिकाम्या ओळी

१

बुधवारी दुपारी सव्वा वाजता ऑफिसातला फोन वाजला. काकूंनी तो उचलला, ऐकला, ठेवला, आणि ठेवतात तोच तो पुन्हा वाजला. दीड वाजेपर्यंत एकोणीस फोन झाले. माणसं वेगळी, रडगाणं एकच: साइट उघडते, नाव आणि पासवर्ड विचारते, आत घेते आणि पुढच्या पानावर गेलं की पुन्हा विचारते, "आपण कोण?"

"अहो, आत्ताच तर सांगितलं मी कोण ते!" एक बाई इतक्या जोरात ओरडल्या की आतल्या खोलीत जेवणाऱ्यांनाही ऐकू गेलं. डबे अर्धवट टाकून सगळे बाहेर धावले.

सगळे म्हणजे तरी किती? चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत पाच माणसं. मालक साहेब. पानं रंगवणारा रंगारी. फोन घेणाऱ्या आणि मजकूर भरणाऱ्या काकू. प्रोग्रॅम लिहिणारे नवे, ज्यांचं वय पंचेचाळीस होतं, पण सगळ्यात शेवटी आले म्हणून ते नवे. आणि पाचवी खुसपटताई.

खुसपटताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. बाकीच्यांनी जे केलं त्यात काय चुकलं ते शोधायचं, याचा तिला पगार मिळत होता, आणि ती तो मन लावून कमवत होती. रंगाऱ्याचे रंग इतके फिके की म्हाताऱ्यांना अक्षर दिसू नये. साहेबांनी दिलेल्या तारखा कॅलेंडरात नसाव्यात अशा. काकूंच्या प्रत्येक मजकुराखाली उगाच सोडलेली मोकळी जागा; पहिल्या वर्षी ताईनं त्याबद्दल चौदा तक्रारी लिहिल्या आणि मग नाद सोडला. घरी भावजय म्हणे, "वन्सं, तुम्हाला बरं म्हणून काही दिसतं का हो?" ताई हसून सोडून द्यायची, पण ते तिला लागायचं.

साइट होती एका उपचार केंद्राची. अर्धांगवायूनंतर माणसं तिथं पुन्हा हात हलवायला, बोलायला शिकत. घरी गेल्यावर सराव म्हणून साइटवर रोज थोडं लिहीत आणि आपल्या माणसांना निरोप पाठवत.

मुळात साइटला माणूस लक्षात राहत नाही. प्रत्येक पान उघडताना ती त्याला पहिल्यांदाच पाहत असते. म्हणून आत येणाऱ्याच्या हाती ती एक बिल्ला देते, त्याचं सामान आतल्या फळीवर ठेवते, आणि पुढच्या पानावर बिल्ला पाहून ते काढून देते. याला सेशन म्हणतात. वीस मिनिटं काही हालचाल झाली नाही की फळी रिकामी होते. बटण दाबलं तरच साइटला हालचाल कळते. नुसतं टाइप करत बसलेला माणूस तिच्या लेखी झोपलेला असतो.

हा वीस मिनिटांचा आकडा एका सामायिक फायलीत होता. प्रत्येक पान सगळ्यात आधी तीच फाइल बोलावून घेई, म्हणून तिला ऑफिसात उंबरा म्हणत. साहेबांनी उंबऱ्याची कालची प्रत परत जागेवर ठेवली आणि फोन थांबले. मग ताईनं बिघडलेली आणि चांगली अशा दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावल्या. फरक दोनच. वीस मिनिटांचे कुणीतरी दोन तास केले होते. आणि फायलीच्या अगदी शेवटी, समाप्तीच्या खुणेनंतर, दोन रिकाम्या ओळी होत्या.

घात त्या रिकाम्या ओळींनी केला होता. बिल्ला पानाच्या आधी द्यावा लागतो. एक अक्षर जरी पुढं निसटलं तरी मग देता येत नाही, आणि रिकामी ओळही अक्षरातच मोजली जाते. एकदा एंटर दाबलेलं साइट पोटात घालते. इथं ते दोनदा दाबलेलं होतं.

"फाइल एक बाराला बदललीये," साहेब म्हणाले. "पेला कुणाच्या टेबलावर होता?"

सगळ्यांच्या नजरा पेल्याकडं गेल्या. उंबऱ्याचा पासवर्ड सगळ्यांचा एकच होता, त्यामुळे कुणी काय बदललं याची कुठंच नोंद होत नसे. एकदा दोघांनी एकाच वेळी फाइल बदलली आणि एकाचं काम दुसऱ्यानं पुसलं. तेव्हापासून साहेबांनी नियम केला: स्टीलचा पेला, काठोकाठ पाण्यानं भरलेला. तो ज्याच्या टेबलावर, त्यानंच उंबऱ्याला हात लावायचा. भरलेला अशासाठी, की कुणी सहज उचलू नये. तो पेला आत्ता नव्यांच्या टेबलावर होता.

"नवे, एक ते दीड कुठं होतात?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

नव्यांनी स्वतःच्या बुटांकडं पाहिलं. "जरा काम होतं."

"शुक्रवारी तुमचे तीन महिने भरतात," साहेब म्हणाले. "त्या दिवशी कायम केल्याचं पत्र द्यायचं होतं. आता कसलं द्यायचं ते बघतो."

"साहेब, शुक्रवारपर्यंत मला बघू द्या," ताई म्हणाली.

"तुमचं काम साइट तपासायचं, ताई. माणसं नव्हे."

"साइटही माणसंच बिघडवतात ना?"

साहेबांनी हात उडवला, म्हणजे परवानगी दिली. ताईच्या डोक्यात रिकाम्या ओळी नव्हत्याच. तिला तो आकडा छळत होता. साइट मोडायला निघालेला माणूस लोकांना जास्तीचा वेळ कशाला देईल?

२

गुरुवारी सकाळी ताई साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा ते स्क्रीनकडं नुसतेच बघत बसले होते. कठोर माणूस नव्हता तो. हातावर पोट असलेल्या धंद्यात एक दुपार साइट बंद पडली की केंद्र दुसरीकडं जाईल, एवढीच त्याची भीती.

"बघा," त्यांनी स्क्रीन वळवला. "वडिलांचा निरोप."

साहेबांचे वडील शिंपी. वर्षापूर्वी उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं. याच केंद्रात चार महिने होते, आणि तिथंच येता-जाता साहेबांना हे काम मिळालं. आता ते साहेबांच्या बहिणीकडं असत, दूरच्या गावी.

निरोप असा होता: बरं आहे.

"दर रविवारी मी पानभर लिहितो," साहेब म्हणाले. "आणि हे उत्तर. दोन शब्द. प्रत्येक वेळी तेच दोन शब्द. फोनवर बोलता येत नाही, कबूल. पण डावा हात चालतो ना? मनात काहीतरी राग असणार माझ्याबद्दल. आजारात मी कमी पडलो असेन."

"माझ्या वडिलांचं तर उत्तरही येत नसे," एवढं म्हणून ताई बाहेर आली आणि नव्यांसमोर खुर्ची ओढून बसली.

"फाइल तुम्ही बदलली नाहीत," ती म्हणाली.

नवे दचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या सगळ्या फायली रात्री जेवणाआधी चाळल्या. तुम्ही समाप्तीची खूण देतच नाही, मग तिच्यापुढं ओळी सोडणारे तुम्ही कसे?"

"देत नाही," नवे हळूच म्हणाले. "शेवटच केला नाही की शेवटानंतर काही सांडायची भीती नाही. उंबरा जुना आहे, त्यात खूण आहे. शुक्रवारपर्यंत ती काढायचीच होती मला."

"मग साहेबांना सांगा, कुठं होतात ते."

ताईनं टेबलाखाली वाकून पाहिलं. "कालच्या बुटांना पॉलिश होतं. आज नाही. काल शर्टाला इस्त्री होती, आणि डबाही आणला नव्हतात. दुसरीकडं मुलाखत होती?"

नव्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आईच्या आजारपणात दोन वर्षं काम सोडलं होतं. आई गेली, आणि परत यायला निघाले तर दारं बंद. इथं तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. "कायम करतील याची खात्री वाटेना, ताई. म्हणून गेलो. तिथल्यांना पंचविशीतला हवाय. आणि हे साहेबांना सांगितलं तर म्हणतील, जायचंच आहे तर जा. मला जायचं नाहीये. इथं जेवायची वेळ झाली की हाक मारतात."

"मी नाही सांगणार कुणाला," ताई म्हणाली.

शब्द तर देऊन बसली. नव्यांना वाचवणारी एकुलती एक गोष्ट आता तिच्याच पोटात कुलूपबंद झाली होती. दुसरा कुणीतरी सापडायलाच हवा होता.

३

दुसरा सापडायला वेळ लागला नाही. बुधवारी सकाळीच रंगारी पेल्यावरून नव्यांशी भांडला होता. "दीड दिवस पेला अडवून बसलेत! पाणी प्यायचं ठेवलंय की काय त्यातलं?" हे साऱ्या ऑफिसनं ऐकलं होतं. आणि जेवता जेवता तो मधेच उठून बाहेर गेला होता, हे ताईनं स्वतः पाहिलं होतं.

"कुठं गेला होतास रे?"

"हात धुवायला."

"बेसिन आतल्या खोलीत आहे."

रंगाऱ्याचा चेहरा त्याच्याच रंगांइतका फिका पडला. "ताई, शपथ सांगतो, फायलीला हात नाही लावला. मला उंबऱ्यातला एक रंग बदलायचा होता, दोन मिनिटांचं काम. म्हटलं, नवे नाहीत, पेला गुपचूप माझ्या टेबलावर घ्यावा, काम करावं, परत ठेवावा."

"आणि?"

"पेला तिथं नव्हताच."

ताई सरळ बसली. "नीट सांग. किती वाजले होते?"

"एक दहा. नव्यांच्या डोक्यावरच घड्याळ आहे. टेबल मोकळं. वाटलं, पाणी बदलायला घेतला असेल कुणी. परत येऊन जेवायला बसलो."

"बाहेर कोण होतं तेव्हा?"

"कुणीच नाही," रंगारी म्हणाला. "काकू होत्या फक्त."

४

काकू होत्या फक्त. ताईला स्वतःचीच लाज वाटली, कारण तिनंही काकूंना मोजलं नव्हतं. जेवणाच्या वेळी फोन सोडता येत नाही म्हणून काकू कपाटाआडच्या आपल्या टेबलावरच डबा खात. सहा वर्षांत त्यांना पेला कधी लागला नव्हता.

ताईनं डोक्यात गणित मांडलं. एक दहाला पेला नव्यांच्या टेबलावर नाही. एक बाराला फाइल बदलते. सगळे बाहेर धावले तेव्हा पेला पुन्हा नव्यांच्या टेबलावर. नव्यांना अडकवायचं असतं तर पेला हलवायचं कारणच नव्हतं. तो होता तिथंच असू दिला असता. हा पेला उचलून नेला, काठोकाठ भरलेला, न सांडता, तो नियम पाळण्यासाठी. चोरून काम करतानाही पेला आपल्यापुढं ठेवल्याशिवाय ज्याचा हात चालला नाही, असं माणूस या ऑफिसात एकच होतं.

काकू चहा गाळायला आत गेल्या तेव्हा ताईनं त्यांची फोनची वही उघडली. काकूंच्या वहीत प्रत्येक फोनची वेळ, नाव, नंबर, तक्रार, सगळं शाईच्या पेनानं, ओळीत. दर शनिवारी साहेब ती वाचत आणि लाल शाईनं उत्तर लिहीत.

बुधवारच्या पानावर ओला होऊन वाळलेला एक गोल डाग होता. पेल्याच्या बुडाएवढा. त्याखाली शाई फुटली होती, तरी अक्षर लागत होतं: एक वाजून पाच. लिहिलेलं पुन्हा गेलं.

एवढंच. नाव नाही, नंबर नाही.

ताईनं मागची पानं उलटली. तशा नोंदी आणखी सोळा. लिहिलेलं गेलं. लिहिलेलं गेलं. आज अर्धं पान झालं होतं, गेलं. तीन ठिकाणी साहेबांच्या लाल शाईत उत्तर होतं: वेळ वाढवता येणार नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे.

हजारभर फोनांत फक्त या सतरांना नाव नव्हतं. ज्या काकू चुकून लागलेल्या फोनचाही नंबर लिहून ठेवत, त्या एका माणसाला लपवत होत्या. पण कुणापासून? वही काकू लिहितात आणि साहेब वाचतात, तिसरं कुणी तिच्याकडं बघत नाही. म्हणजे साहेबांपासून. नाव किंवा नंबर पाहताच साहेबांनी ओळखलं असतं असा, सावकाश लिहिणारा, वीस मिनिटांत पान न होणारा माणूस.

ताईला सकाळचा स्क्रीन आठवला: बरं आहे. तिनं वही मिटली. आता तिला दोन्ही माणसं कळली होती, आणि त्यातलं एकही नाव साहेबांपुढं घ्यावं असं वाटत नव्हतं.

५

काकू चहा घेऊन आल्या. ताईनं कप घेतला आणि विचारलं, "पेला जड होता का हो, काकू?"

काकूंनी बशी टेबलावर ठेवली. मग त्या खुर्चीवर टेकल्या.

"भरलेला होता ना," त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांनी नेला."

"आणि आणला."

"आणला. अगं ताई, मी फक्त आकडा मोठा केला. शेजारी मराठीत लिहिलंय, 'इथे वेळ'. विसाच्या जागी एकशेवीस घातले. वेळ वाढवल्यावर माणसं बाहेर कशी पडतील, तूच सांग! मला वाटलं, नव्यांचंच काहीतरी बिघडलं असेल. म्हणून गप्प बसले. पण काल साहेब पत्राचं बोलले, तेव्हापासून घास उतरत नाहीये."

ताईनं आपल्या स्क्रीनवर फायलीचा शेवट दाखवला. "आकडा बदलल्यावर खाली जाऊन दोनदा एंटर दाबलंत का?"

काकूंनी तिच्याकडं नवलानं पाहिलं. "दाबणारच. नाहीतर कागद बाहेर कसा येईल?"

पंचवीस वर्षं टाइपरायटर. पत्र संपलं की कागद दोन घरं पुढं सरकवायचा, मगच तो ओढून काढायचा. कागद केव्हाच गेला होता, बोटं मात्र अजून तो सरकवत होती. ताईनं रिकाम्या ओळी, बिल्ला, सगळं समजावून सांगितलं तसा काकूंचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे एकोणीस माणसं माझ्यामुळं ताटकळली. आणि नव्यांवर आळ." त्या उठल्याच. "आत्ता जाऊन सांगते."

"बसा. साहेब विचारतील, कुणासाठी केलंत?"

"ते मी नाही सांगायची. शब्द दिलाय." काकूंनी पदरानं डोळे टिपले. "तुला ठाऊक नाही ताई, तो माणूस फोन करतो आणि श्वास घेत राहतो. मग म्हणतो, 'गेलं.' कधी कधी नुसतं 'पु... पुन्हा.' मी म्हणते, वाईट वाटून घेऊ नका, परत लिहा. मी म्हणायचं आणि त्यांनी लिहायचं. सतरा वेळा! काल नाही राहवलं मला."

"मला नाव सांगू नका," ताई म्हणाली. "कुणालाच सांगू नका. उद्यापर्यंत कळ काढा. साहेबांचं ते साहेबांनाच कळू दे."

काकूंनी चमकून तिच्याकडं पाहिलं, आणि टेबलावरची बशी उचलली.

६

शुक्रवारी अकरा वाजता ताई साहेबांच्या खोलीत गेली. टेबलावर नव्यांच्या नावाचं पाकीट होतं, अजून रिकामं.

"सापडला का कोणी?"

"आधी एक तपासणी राहिलीये. ती तुम्हीच करायची." तिनं साइट उघडली, एका खोट्या रुग्णाच्या नावानं आत गेली आणि निरोपाचं पान पुढं केलं. "उजवा हात खिशात घाला. डाव्या हाताचं एकच बोट. तुमचं कसं चाललंय ते मला सविस्तर लिहा."

"हा काय पोरखेळ?"

"बिघाड असाच सापडतो, साहेब."

साहेबांनी कुरकुरत सुरुवात केली. अक्षर शोधायचं, बोट न्यायचं, दाबायचं. चुकलं की मागं यायचं. आधी चेष्टेचं लिहीत होते. मग हळूहळू त्यांचा चेहरा गंभीर झाला. खरंच काहीतरी लिहू लागले. ताईनं मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. घड्याळ सरकत होतं.

"झालं," ते शेवटी म्हणाले. "सात ओळी. काय दुखतंय हात!" आणि बटण दाबलं.

पान पांढरं झालं. मग अक्षरं आली: आपण कोण?

"अरे! माझं लिहिलेलं?"

"गेलं. तेवीस मिनिटं झाली. फळी रिकामी."

"पण मी लिहितच होतो ना!"

"साइटच्या लेखी झोपला होतात." ताईनं पुन्हा आत जाऊन तेच कोरं पान उघडलं. "लिहा परत. मघाचं सगळं."

साहेबांनी बोट उचललं. एका अक्षरावर धरलं, पुन्हा खाली घेतलं. मघाच्या सात ओळींतलं आता त्यांना काही गोळा करता येईना. त्यांनी वैतागून भराभर काहीतरी दाबलं आणि हात मागं घेतला.

स्क्रीनवर दोन शब्द होते. बरं आहे.

साहेब ते वाचत राहिले. त्यांचा उजवा हात अजून खिशातच होता.

"ते लांब लिहीत होते," साहेब म्हणाले. "दर वेळी लांब लिहीत होते."

ताईनं मान हलवली.

"आणि तीनदा मीच नाही म्हटलं. लाल शाईनं." त्यांनी डोळे पुसले, लपवायचा प्रयत्नही केला नाही. "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"आता तुम्हीच ओळखलंत म्हणून बोलते," दारातून काकूंचा आवाज आला. दोन्ही हातांत भरलेला पेला धरून त्या उभ्या होत्या. "ते म्हणाले, म्हणजे तुटक तुटक म्हणाले, पोराचं काम आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. वेळ मी वाढवला, साहेब. रिकाम्या ओळीही माझ्याच. नव्यांनी काही केलेलं नाही. पेला न विचारता घेतला, तेवढं माझं चुकलं."

"चुकलंच," साहेब म्हणाले. उठून त्यांनी पेला घेतला, आणि थोडं पाणी त्यांच्याच बाहीवर सांडलं. "तुम्ही सहा वर्षांत एकदा चुकलात, काकू. मी तीनदा." मग त्यांनी हाक मारली, "नवे!"

नवे आले, पायात पाय अडकत.

"वेळ दोन तास ठेवला तर केंद्रातल्या सामायिक कॉम्प्युटरवर एकाचं दुसरा वाचेल. वीस ठेवला तर माणसांचं लिहिलेलं जातं. काय करायचं?"

"वेळ वीसच ठेवू, साहेब. पण लिहिलेलं दर मिनिटाला त्या माणसाच्या नावावर जपून ठेवू. फळी रिकामी झाली तरी मजकूर राहील. परत आत आला की जिथं होता तिथून पुढं. संध्याकाळपर्यंत होईल."

"करा." साहेबांनी पेला त्यांच्या हाती दिला. "आणि जाताना तुमचं पत्र घेऊन जा. कायमचं आहे. परवा कुठं गेला होतात ते मला नकोच आहे."

नवे पेला घेऊन वळले. ते इतक्या घाईनं निघाले की टेबलापर्यंत निम्मंच पाणी पोचलं, पण त्या दिवशी कुणी नियमाचं नाव काढलं नाही.

७

सोमवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. स्वतः वाचायला त्यांनी सुरुवात केली, दोन ओळींवर थांबले आणि स्क्रीन ताईकडं वळवला. ताईनं वाचलं.

"बाळ, आज लिहिलेलं गेलं नाही. दोनदा बाहेर पडलो. परत आलो तर सगळं तसंच. म्हणून लांब लिहितो. दवाखान्यात तू हसत यायचास. जाताना दाराआड उभा राहून रडायचास. दाराला काच होती. मला दिसायचं. रडू नको म्हणायचं होतं, जीभ हलत नव्हती. घरी आल्यापासून तेच लिहायला बसतो. दर वेळी राहून जायचं. तू काही कमी केलं नाहीस. तुझी साइट चांगली आहे. अक्षरं मोठी आहेत. रंग फिका आहे. बाकी बरं आहे."

रंगारी नाक ओढत म्हणाला, "आजच गडद करतो."

बाहेर फोन वाजला. काकू गेल्या. त्यांनी ऐकलं, वाट पाहिली, आणि हसल्या. "हो, हो. पोचलं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं. थांबा हं."

साहेब मागोमाग आलेच होते. काकूंनी रिसीव्हर त्यांच्या हाती दिला. साहेबांनी तो कानाला लावला आणि त्यांना एक शब्द बोलता येईना. पलीकडं बोलता येत नव्हतंच. बापलेक तसेच ऐकत राहिले, एकमेकांचा श्वास. शेवटी साहेब म्हणाले, "बाबा, उद्या सकाळच्या गाडीनं येतोय," आणि पलीकडून काय आलं ते फक्त त्यांनाच कळलं.

काकूंनी तोवर वही ओढली होती. त्यांनी वेळ लिहिली. मग पहिल्यांदाच नाव लिहिलं, साहेबांचे वडील, आणि पुढं सगळा नंबर, एकेक आकडा सुटा. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: काही नाही. मग खाली दोन ओळी मोकळ्या सोडून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

खुसपटताईनं ते पाहिलं, आणि काही न लिहिता ती आपल्या टेबलाकडं गेली.